मोठ्या रणांगणाचे आरटीएस खेळ: कोणता खेळ कसा रचला आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर या पट्ट्यात रिअल-टाइम स्ट्रॅटेजी (आरटीएस, म्हणजे पाळी न लावता चालत्या वेळेत फौज हाताळायचे डावपेचाचे खेळ) खेळणारी मुलंमुली आता चांगलीच वाढली आहेत. त्यातली काही जण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी स्वतःचाच खेळ करायला घेतात. मग तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. हा खेळ मोठा का, तो छोटा का, याच्यात खाणी अशा का चालतात, त्याच्यात बेसच (कारखाने-इमारतींचा तळ) का नाही? या प्रश्नांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच लिहिलं आहे.

किती युनिट असले म्हणजे आरटीएस "मोठा" म्हणायचा?

युनिटच्या, म्हणजे एकेका शिपाई-रणगाडा-विमानाच्या, संख्येवरून हे ठरवू नका. २००१ मध्ये आलेल्या कॉसॅक्समध्ये हजारो शिपाई एका मैदानात उतरतात. टोटल वॉरमध्येही हजारो दिसतात. स्टारक्राफ्ट २ मध्ये सप्लायची, म्हणजे फौजेच्या एकूण आकाराची, मर्यादा २०० आहे. पण कॉसॅक्स, टोटल वॉर आणि सुप्रीम कमांडर या तिघांची रचना इतकी वेगळी आहे की "मोठे खेळ" म्हणून त्यांना एका रांगेत बसवलं, तर हाती काही लागत नाही.

मी एकच गोष्ट बघतो. खेळाडूचं लक्ष कुठे खर्च व्हावं, हे खेळाने कसं ठरवलंय? धातू, लाकूड, सोनं वाढवता येतं. लक्ष वाढवता येत नाही. एका सेकंदात माणूस एकाच ठिकाणी नीट बघू शकतो. रणांगण मोठं झालं की कुठलं तरी काम त्याच्या हातातून काढून घ्यावंच लागतं. कोणतं काम काढलं आणि कोणतं ठेवलं, यावरून त्या खेळाचा स्वभाव ठरतो. खालची बहुतेक उत्तरं याच एका प्रश्नाभोवती फिरतात.

टोटल अ‍ॅनिहिलेशनचं नाव प्रत्येक चर्चेत का निघतं? इतका जुना खेळ!

कारण मोठ्या रणांगणाच्या खेळांचा फाटा तिथून फुटला. १९९७ मध्ये केव्हडॉग कंपनीने तो काढला, मुख्य डिझायनर ख्रिस टेलर. त्याआधी ड्यून २ (१९९२) आणि कमांड अँड कॉन्कर (१९९५) यांनी आरटीएसचा साचा घालून दिला होता: बेस बांधा, हार्वेस्टर (माल गोळा करणारी गाडी) पाठवा, रणगाडे काढा. टोटल अ‍ॅनिहिलेशनने त्या साच्यात तीन मोठे बदल केले.

पहिला बदल, गोळा खराखुरा उडतो. तोफेतून सुटलेल्या गोळ्याला मार्ग आहे, वेग आहे. मध्ये टेकडी आली तर तो टेकडीवर आदळतो, आणि समोरचं वाहन सरकलं तर नेम चुकतो. दुसऱ्या बऱ्याच खेळांत गोळी सुटली की लागलीच. दुसरा बदल, मेलेल्या युनिटचा सांगाडा मैदानात पडून राहतो आणि त्यातून धातू परत काढता येतो. त्यामुळे जिथे लढाई झाली ती जागाच खाण होते, आणि हरलेला हल्ला शत्रूच्या दारात धातू टाकून येतो. तिसरा बदल अर्थव्यवस्थेचा. तो जास्त खोल आहे, म्हणून पुढे वेगळा घेतला आहे.

"फ्लो" अर्थव्यवस्था म्हणजे काय? एज ऑफ एम्पायर्ससारखं आधी पैसे भरून का घेत नाहीत?

एज ऑफ एम्पायर्समध्ये घोडेस्वार काढायचा तर त्याची पूर्ण किंमत बटण दाबताच कापली जाते. शिल्लक नसेल तर बटण चालतच नाही. टोटल अ‍ॅनिहिलेशन, सुप्रीम कमांडर, बियाँड ऑल रीझन यांत तसं नाही. काम लगेच सुरू होतं आणि ते चालू असेपर्यंत धातू आणि ऊर्जा थोडी थोडी वाहत राहते.

आपल्याकडे रावेर-यावलच्या केळीबागेत ठिबक लावलेली असते. मोटर तासाला ठराविकच पाणी देते. दोन प्लॉटचे व्हॉल्व्ह उघडले तर प्रेशर नीट राहतं. सहाचे सहा एकदम उघडले तर पाणी सगळीकडे जातं, पण प्रेशर पडतं आणि शेवटच्या ओळीतल्या ड्रिपरमधून थेंबही निघत नाही. फ्लो अर्थव्यवस्था नेमकी अशीच चालते. समजा, तुमची आवक सेकंदाला ३० धातू आहे आणि प्रत्येक कारखाना १० खातो. तीन कारखाने पूर्ण वेगात चालतील. सहा लावले तर सहाही अर्ध्या वेगात चालतील आणि एकही वेळेवर काही देणार नाही. खेळाडू याला "स्टॉल" म्हणतात.

ऊर्जेचा स्टॉल त्याहून वाईट. सुप्रीम कमांडरमध्ये धातूच्या खाणीलाही वीज लागते. ऊर्जा संपली की खाणी मंदावतात, ढाली पडतात, रडार बंद होतं. नेमकं त्याच वेळी बॉम्बर आले, तर खेळ तिथेच संपतो.

लक्षाच्या हिशेबाने यात फायदा कुठे? किंमत आधी घेणाऱ्या खेळात दर काही सेकंदांनी बेसकडे वळून बटण दाबावं लागतं. फ्लोमध्ये वीस कामांची रांग लावून तुम्ही आघाडीवर जाऊ शकता. किती काम सुरू ठेवायचं, हा एकच निर्णय बाकी उरतो. मोठ्या मैदानासाठी हीच पद्धत योग्य आहे, असं माझं ठाम मत आहे. नवख्या खेळाडूला मात्र पहिल्या काही सामन्यांत ती छळते, कारण खेळ "नाही" म्हणत नाही. चुकीचं काम तो मुकाट्याने सुरू करून देतो.

सुप्रीम कमांडरच्या झूमचं एवढं कौतुक का?

कारण आधीच्या खेळांत मिनीमॅप म्हणजे कोपऱ्यातला एक वेगळा, छोटा, अपुरा नकाशा होता. २००७ च्या सुप्रीम कमांडरने मुख्य पडदाच नकाशा केला. माउसचं चाक मागे फिरवलं की एका रणगाड्यापासून अख्ख्या मैदानापर्यंत सलग मागे जाता येतं. युनिट दिसेनासे झाले की त्यांच्या जागी खुणा येतात, आणि त्या खुणांवरही सगळे हुकूम चालतात.

त्यातला सर्वात मोठा मॅप ८१ किलोमीटर बाय ८१ किलोमीटर आहे. जळगाव ते धुळे हे सरळ रेषेतलं अंतर साधारण तेवढंच. म्हणजे एका कडेला जळगावचा बेस, दुसऱ्या कडेला धुळ्याचा, आणि मधलं पारोळा, एरंडोल सगळं रणांगण. एवढ्या मैदानात कडेने स्क्रोल करत फिरायचं म्हटलं तर लढाई पोहोचण्याआधीच संपेल. झूम नसता तर तो मॅप खेळताच आला नसता. प्रत्यक्षात बहुतेक सामने ५, १० किंवा २० किलोमीटरच्या मॅपवर होतात, आणि मजाही तिथेच जास्त आहे.

एक तोटा खरा आहे. लोक खुणा बघत खेळतात. सुंदर बनवलेले प्रचंड यंत्रमानव पडद्यावर त्रिकोण-चौकोन होऊन राहतात. पाहणाऱ्याला तो सामना कोरडा वाटतो. या अडचणीवर अजून कुणी पूर्ण तोडगा काढलेला मला दिसलेला नाही.

मग स्टारक्राफ्ट कमी दर्जाचा आहे का?

अजिबात नाही. त्याने लक्षाची टंचाई हाच खेळ केला आहे. १९९८ च्या पहिल्या स्टारक्राफ्टमध्ये एका वेळी बाराच युनिट निवडता येत. म्हणून मोठी फौज हलवणं हेच कसब होतं. २०१० च्या दुसऱ्या भागात ती अट गेली, तरी बोटांचा वेग आणि एकेका युनिटची हाताळणी मध्यभागीच राहिली. ज्याला ते आवडतं त्याने तेच खेळावं.

युनिट आपोआप मागे हटतात, कारखाना आपोआप काढत राहतो. ही फसवणूक नाही का? खेळाडू काय करतो मग?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा स्टारक्राफ्टवाल्यांकडून.

झीरो-के हा मोफत खेळ बघा. त्यात युनिटला सांगून ठेवता येतं की अमुक इतकं नुकसान झालं की दुरुस्तीसाठी मागे जा. लांब पल्ल्याचे युनिट जवळ आलेल्या शत्रूपासून स्वतःहून अंतर राखतात. बियाँड ऑल रीझनमध्ये माउसचं उजवं बटण दाबून जमिनीवर रेघ ओढली की निवडलेली फौज त्या रेघेवर पसरून उभी राहते. वर्तुळ काढलं की त्यातले सगळे सांगाडे गोळा करायचं काम लागतं. सुप्रीम कमांडरमध्ये वाहतुकीच्या विमानांचा फेरीमार्ग आखला की कारखान्यातून निघालेले रणगाडे त्या मार्गाने आपोआप नदीपलीकडे पोहोचतात.

यातून काढून घेतलं काय? एकच काम पन्नासदा करायचा त्रास. उरलं काय? रेघ कुठे ओढायची, फेरी कुठे उतरवायची, मागे कधी हटायचं. सेनापतीचं काम उरलं. मला हे खेळ आवडतात ते याचसाठी. तरी एक सीमा आहे. ऑटोमेशनने निर्णयच घ्यायला सुरुवात केली, म्हणजे हल्ला कुठे करायचा हेही युनिटच ठरवू लागलं, तर माणूस प्रेक्षक होतो. झीरो-के ती सीमा बऱ्याच विचाराने पाळतो. युनिट स्वतःला वाचवतं, पण कुठे जायचं हे तुम्हीच सांगता.

टेक लेव्हल असाव्यात की नसाव्यात?

सुप्रीम कमांडरमध्ये युनिट-इमारतींच्या ताकदीचे तीन टप्पे, म्हणजे टेक लेव्हल, आणि त्यांच्यावर एक्सपेरिमेंटल नावाची महाकाय यंत्रं आहेत. पहिल्या टप्प्याची धातूची खाण सेकंदाला २ देते, दुसऱ्या टप्प्याची ६, तिसऱ्याची १८. म्हणजे एकही नवी जागा न घेता, कुंपणाच्या आत बसून आवक नऊपट करता येते. त्यामुळे बचाव करत बसणारा खेळाडूही जिंकू शकतो, आणि सामना जसा लांबतो तसा त्याचा रंग बदलतो.

झीरो-के मध्ये असे टप्पे नाहीत. पहिल्या मिनिटाचं हलकं युनिट शेवटच्या मिनिटालाही उपयोगी पडतं. आवक वाढवायची तर मुख्यतः नवी जागा घ्यावी लागते. जास्तीची ऊर्जा खाणीत घालून उत्पन्न वाढवता येतं, पण जितकी जास्त घालाल तितका फायदा घटत जातो. म्हणून तिथे लढाई लवकर पेटते आणि सगळ्या मैदानावर पेटते.

मला दुसरी पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. पण चार मित्र रात्री जेवून बसले आणि कुणाला तरी आकाशाला भिडणारा यंत्रमानव काढायचाच असेल, तर पहिल्या पद्धतीला तोड नाही.

संख्या जास्त असली की जिंकतोच का?

उघड्या मैदानात, सारख्याच युनिटमध्ये, जवळजवळ नेहमी. आणि वाटतं त्याहून मोठ्या फरकाने. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने याचं गणित मांडलं. सगळ्यांची बंदूक सगळ्यांपर्यंत पोहोचत असेल तर फौजेची ताकद तिच्या संख्येच्या वर्गाप्रमाणे मोजावी. १०० विरुद्ध ५० अशी लढत झाली तर १०० वाल्याचे ५० नव्हे, सुमारे ८७ वाचतात. १०,००० मधून २,५०० वजा करा आणि वर्गमूळ काढा.

डिझायनरसाठी हा धोका आहे. पहिली लढाई जिंकणारा पुढच्या सगळ्या लढाया आणखी सोप्या रीतीने जिंकत जातो. म्हणून चांगले खेळ या वर्गाला लगाम घालतात. अरुंद खिंड ठेवली की पुढच्या रांगेतलेच लढू शकतात आणि हिशेब साध्या वजाबाकीवर येतो. एका फटक्यात परिसर उद्ध्वस्त करणारं शस्त्र ठेवलं की दाटीने उभी असलेली मोठी फौजच जास्त मरते. खरेखुरे उडणारे गोळे आले की दहा जण एकाच मरत्या शत्रूवर गोळे वाया घालवतात. स्वतःचा खेळ करणाऱ्यांनी हे गणित एकदा वहीत मांडून बघावं. त्याशिवाय बॅलन्सला, म्हणजे युनिटच्या ताकदीच्या समतोलाला, हात घालू नये.

टोटल वॉरमध्ये हजारो शिपाई, मग तो सोपा कसा वाटतो?

कारण तुम्ही शिपायांना हुकूम देत नाही, पलटणींना देता. सहसा एका सैन्यात २० पलटणी असतात, म्हणजे पडद्यावर पत्त्यांसारखी वीसच कार्डं. शिवाय पलटणीला धीर आहे. बाजूने मार बसला, सरदार पडला, शेजारची पलटण पळाली की तीही पळते. शेवटचा माणूस मरेपर्यंत लढाई चालत नाही. बेस आणि अर्थकारण वेगळ्या, पाळीपाळीने खेळायच्या नकाशावर ठेवलं आहे, त्यामुळे लढाईत लक्ष दुभंगत नाही.

बेसच नसलेले खेळ? वॉरगेमसारखे?

फ्रान्सच्या युजेन सिस्टम्सचा वॉरगेम: रेड ड्रॅगन २०१४ चा. त्यात कारखाना नाही. लढाईआधी तुम्ही युनिटचा डेक, म्हणजे निवडक संच, जुळवता, आणि प्रत्येक प्रकारचे मोजकेच मिळतात. मैदानात १० विरुद्ध १० खेळाडू उतरू शकतात. दृष्टिरेषा, झाडी, इंधन, दारूगोळा हे सगळं मोजलं जातं. इंधन संपलेला रणगाडा जागीच उभा राहतो आणि रसदेचा ट्रक येईपर्यंत निकामी असतो. बांधकामावर खर्च होणारं सगळं लक्ष टेहळणी आणि रसदेकडे वळवलं आहे. अंगवळणी पडायला कठीण, पण एकदा समजलं की दुसरे खेळ उथळ वाटू लागतात.

मराठे कुठल्या खेळात आहेत? आणि गनिमी कावा?

२००९ च्या एम्पायर: टोटल वॉरमध्ये मराठा सत्ता घेऊन खेळता येतं, मोहीम १७०० सालापासून सुरू होते. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये २०२२ साली द्रविड, बंगाली आणि गुर्जर आले, आणि आधीचे "इंडियन्स" हिंदुस्तानी झाले. राइज ऑफ नेशन्सच्या २००४ च्या विस्तारातही भारतीय आहेत.

गनिमी काव्याबद्दल मात्र मला मनापासून लिहायचं आहे. आपल्या भागाशी त्याचा थेट संबंध आहे. १७२७-२८ च्या मोहिमेत पहिला बाजीराव निजामाशी समोरासमोर भिडला नाही. बऱ्हाणपूरच्या दिशेने हूल देत तो खानदेशातून गुजरातेत उतरला. निजाम पुण्याकडे वळला, मग बाजीरावाने त्याच्या मुलखावर दबाव आणून त्याला माघारी ओढलं. शेवटी १७२८ च्या फेब्रुवारीत पालखेडजवळ निजामाची रसद आणि पाणी तोडलं. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. मोठी लढाई झालीच नाही. शत्रूला सतत चुकीच्या जागी बघायला लावणं, हाच तो डाव होता.

आता हा डाव कुठल्या खेळात करता येतो ते बघा. जिथे सैन्य काहीच खात नाही आणि जिंकायचं तर शत्रूचा बेसच पाडावा लागतो, तिथे पालखेड घडूच शकत नाही. कॉसॅक्समध्ये सैन्याला धान्य लागतं आणि बंदुकीच्या प्रत्येक बाराला लोखंड-कोळसा खर्च होतो. म्हणजे उपाशी ठेवण्याची सोय तरी आहे. राइज ऑफ नेशन्समध्ये परक्या हद्दीत शिरलेलं सैन्य झिजत जातं आणि रसदेची गाडी बरोबर असेल तरच वाचतं. त्या गाड्या जाळणं हा खरा गनिमी कावा. वॉरगेममध्ये इंधनाचे ट्रक मारता येतात. ज्याला मराठ्यांवर आरटीएस करायचा आहे त्याने आधी फेटे आणि भाले रंगवू नयेत. आधी रसद बांधावी.

प्लॅनेटरी अ‍ॅनिहिलेशनमध्ये गोल ग्रह आहेत. एवढी भारी कल्पना, तरी लोकांना तो तितका का भावला नाही?

२०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर त्याला २२ लाख डॉलरहून जास्त निधी मिळाला, २०१४ मध्ये खेळ आला. ग्रहावर ग्रह आदळवता येतात, आणि ते दृश्य थरारकच आहे. पण गोलाला कडा नसते. सपाट मॅपवर पाठ टेकायला कोपरा असतो. एक आघाडी असते आणि झूम मागे नेला की सगळं एका नजरेत येतं. गोलाचा अर्धा भाग नेहमी डोळ्याआड राहतो. त्यावर दुसरा ग्रह, चंद्र, उपग्रह. लक्षाचे तुकडे फार होतात. तांत्रिकदृष्ट्या तो धाडसी खेळ आहे, रचनेत मात्र खेळाडूकडून जास्त मागतो.

सुप्रीम कमांडर २ घेऊ का?

२०१० च्या दुसऱ्या भागाने किंमत आधी घ्यायला सुरुवात केली, संशोधनाचं झाड आणलं आणि मॅप लहान केले. शिकायला सोपा आहे. पहिला आवडला असेल तर त्याचाच फोर्ज्ड अलायन्स हा विस्तार घ्या. तो स्वतंत्रपणेही चालतो, आणि फोर्ज्ड अलायन्स फॉरएव्हर या खेळाडूंनीच चालवलेल्या व्यवस्थेवर आजही सामने मिळतात. दुसऱ्या भागात एक गोष्ट खरोखर चांगली आहे. त्याचं मार्गशोधन. प्रत्येक युनिटसाठी वेगळा रस्ता शोधण्याऐवजी मैदानावर दिशांचं एक जाळं तयार होतं आणि शेकडो युनिट त्यावरून वाहत जातात, एकमेकांत अडकत नाहीत.

माझं इंटरनेट चांगलं आहे, पिंगही (संदेश जाऊन यायला लागणारा वेळ) कमी. तरी सामना सगळ्यांसाठीच हळू का होतो?

कुणाचा तरी प्रोसेसर मागे पडलाय म्हणून. या खेळांत हजारो युनिटची जागा नेटवर्कवरून पाठवत नाहीत. फक्त हुकूम पाठवतात, आणि प्रत्येकाचा संगणक तोच खेळ स्वतः गणित करून पुढे नेतो. याला लॉकस्टेप म्हणतात. १९९७ च्या एज ऑफ एम्पायर्सने याच पद्धतीने २८.८ के च्या मोडेमवर मोठ्या लढाया चालवल्या. हुकूम लगेच अमलात न आणता थोड्या पुढच्या क्षणासाठी ठेवायचा, म्हणजे तोवर तो सगळ्यांकडे पोहोचतो. तो खेळ बनवणाऱ्यांना एक मजेशीर गोष्ट आढळली. उशीर सारखाच असेल तर माणूस त्याची सवय करून घेतो, कधी लवकर कधी उशिरा झालं की वैतागतो.

किंमत अशी की सगळ्यांनी बरोबर चालायचं, म्हणून सगळ्यात हळू यंत्र वेग ठरवतं. आता हे आपल्या मे महिन्यात घाला. भुसावळला बाहेर ४५ अंश, वरच्या मजल्यावरची खोली, गादीवर ठेवलेला लॅपटॉप. तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि पुण्यात-नागपुरात बसलेल्या बाकीच्या सात जणांचा सामना रखडतो. लॅपटॉप गादीवरून उचलून कडक पृष्ठभागावर, मागून टेकू देऊन ठेवा. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची मर्यादा ६० किंवा त्याहूनही कमी करा. ग्राफिक्स कार्ड कमी तापलं की त्याच खोक्यातला प्रोसेसरही सावरतो. उन्हाळ्यात मोठे सामने रात्री ठेवा.

प्लॅनेटरी अ‍ॅनिहिलेशनने हे टाळलं. तिथे गणित सर्व्हरवर होतं, म्हणून एकाचा कमजोर लॅपटॉप बाकीच्यांना अडवत नाही.

मध्येच लाइट गेली तर?

राउटरला छोटा यूपीएस लावा. तो नसेल तर बियाँड ऑल रीझनसारख्या खेळात सामन्यात परत येता येतं, पण तुमच्या संगणकाला सुरुवातीपासूनचा सामना वेगाने पुन्हा चालवून मग सगळ्यांना गाठावं लागतं. सामना लांबलेला असेल तर त्याला वेळ लागतो.

खानदेशचा मॅप करायचा आहे. कसा करावा?

कराच. आपला भूगोल यासाठी फार चांगला आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा, मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी. चांगदेवला पूर्णा मिळते. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा येतात. शिरायचे रस्ते मोजके: ईशान्येला बऱ्हाणपूरची खिंड, उत्तरेला शिरपूरच्या पुढचा बिजासन घाट, दक्षिणेला चाळीसगावचा कन्नड घाट, पश्चिमेला गुजरातकडे उतरणारा मुलूख. बऱ्हाणपूरची वाट असीरगडाच्या नजरेखाली आहे, म्हणून अकबराला १६०१ मध्ये तो किल्ला घेतल्याशिवाय खानदेश घेता आला नाही.

आता रचनेचा निर्णय. दोन बाजू पूर्व-पश्चिम ठेवल्या तर दरी चिंचोळी असल्याने एकच अरुंद आघाडी मिळते. लँचेस्टरचा वर्ग तिथे मरतो, तोफा आणि ढालींचा खेळ होतो. तेच संघ उत्तर-दक्षिण ठेवले तर तापी ही लांबच लांब आघाडी होते, ओलांडायच्या जागा अनेक असतात, आणि त्यातल्या कुठल्या जागेवर फौज ठेवायची हा खरा प्रश्न उभा राहतो. मी दुसरं निवडेन. धातूच्या जागा नदीकाठच्या काळ्या सपाटीत दाट ठेवा, सातपुड्याच्या पायथ्याशी विरळ. खेळात पवनचक्क्या असतील तर पश्चिमेकडे वारा जास्त द्या. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला खऱ्या पवनचक्क्या आहेतच. तापीचे काठ खोल कापलेले आहेत, तिथे चाकांच्या गाड्यांना चढ जड जाऊ द्या आणि पायांवर चालणाऱ्या यंत्रांना सोपा. एवढ्या एका फरकाने दोन कारखान्यांमधली निवड अर्थपूर्ण होते.

अंतर मात्र दाबा. खऱ्या प्रमाणात केलं तर रणगाडा चोपड्याहून निघून अमळनेरला पोहोचेपर्यंत सगळे झोपतील.

प्रोजेक्टसाठी चारच महिने आहेत. सुरुवात कुठून?

इंजिन, म्हणजे खेळ चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, स्वतः लिहू नका. स्प्रिंग नावाचं मुक्त इंजिन टोटल अ‍ॅनिहिलेशनच्या चाहत्यांनी सुरू केलं. त्याचीच पुढची शाखा रिकॉइल, ज्यावर बियाँड ऑल रीझन चालतो. नियम लुआ भाषेत लिहिता येतात, आणि लॉकस्टेप, मार्गशोधन, खरेखुरे उडणारे गोळे हे सगळं तयार मिळतं. पहिल्या महिन्यात दोनच युनिट आणि एकच मॅप ठेवा, बाकी चौकोनी ठोकळे चालतील. मित्रांना खेळायला बसवा आणि त्यांच्या पडद्याकडे न बघता डोळ्यांकडे बघा. नजर सारखी कुठे परत जाते ते लिहून ठेवा. ती बेसकडे जात असेल आणि तुम्हाला ती आघाडीवर हवी असेल, तर दुसऱ्या महिन्यात बदलायचं काय ते मिळालं.